३८ वर्षांतले ३६ दिवस

कॉलेज बास्केटबॉलचा सामना ४० मिनिटांचा असतो. अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या संघाच्या कोच पॅट समिट १९७४ ते २०१२ अशी सलग ३८ वर्षं त्या जागेवर होत्या, आणि तेवढ्या काळात त्यांचा संघ १,३०६ सामने खेळला. जादा वेळेत गेलेले सामने सोडून देऊ आणि साधा गुणाकार करू. ५२,२४० मिनिटं, म्हणजे ८७० तास ४० मिनिटं, म्हणजे सव्वाछत्तीस दिवस. ज्या कारकिर्दीसाठी नॉक्सव्हिल शहरात पुतळा उभा राहिला, मैदानाला नाव दिलं गेलं आणि २०१२ साली राष्ट्राध्यक्षांनी देशातला सर्वोच्च नागरी सन्मान दिला, ती घड्याळावर मोजली तर जेमतेम सव्वा महिन्याची भरते. वर्षाची सरासरी काढली तर २३ तासही होत नाहीत.

उरलेले ३६४ दिवस बाई काय करत होत्या, हे जास्त थक्क करणारं आहे. पण आधी तो सव्वा महिना.

१,०९८ विजय आणि २०८ पराभव. शंभरातले ८४ सामने खिशात. समिट निवृत्त झाल्या त्या दिवशी अमेरिकेच्या पहिल्या श्रेणीच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये, पुरुष असो वा बाई, एवढे सामने जिंकलेला दुसरा कोच नव्हता. आकडा मोठा आहे हे ऐकताक्षणी कळतं, किती मोठा ते कळत नाही. म्हणून असं समजा, पंचविशीतला एक कोच आज रुजू झाला आणि दरवर्षी न चुकता २५ सामने जिंकत राहिला. २५ विजय म्हणजे कुठल्याही कॉलेजात पेढे वाटावेत असं वर्ष. तरीही १,०९८ गाठायला त्याला ४४ वर्षं लागतील आणि तोवर तो सत्तरीला टेकलेला असेल. समिट यांची सरासरी वर्षाला जवळजवळ २९ विजयांची. पहिल्या दोन हंगामांत त्यांना १६-१६ सामने जिंकता आले. पुढच्या ३६ हंगामांत हा आकडा एकदाही २२ च्या खाली आला नाही.

त्या ३६ पैकी एक हंगाम तर वेगळाच काढून बघण्यासारखा आहे. १९९७-९८ साली टेनेसीने ३९ सामने खेळले आणि ३९ जिंकले. समजा, तुमचा संघ इतका तगडा आहे की कुठल्याही संघाविरुद्ध जिंकण्याची शक्यता शंभरात ९०. मग सलग ३९ सामने जिंकण्याची शक्यता किती? ९० टक्के स्वतःशीच ३९ वेळा गुणत गेलं की उत्तर दीड टक्क्याच्या जरा वर येतं. असे साठ हंगाम खेळलात तर एखाद्यात जमेल. शक्यता ९० वरून ९५ केली तरी उत्तर साडेतेरा टक्क्यांच्या आसपासच राहतं. गंमत म्हणजे आदल्या वर्षी हाच संघ दहा सामने हरला होता आणि दहा पराभव पदरी घेऊनच राष्ट्रीय विजेता ठरला होता. शमीक होल्ड्सक्लॉ आधीपासून संघात होती, तिच्या जोडीला टमिका कॅचिंग्ज आणि सेमीका रँडल या पहिल्या वर्षाच्या मुली आल्या आणि दहाचं शून्य झालं. अंतिम सामन्यात लुइझियाना टेकचा ९३-७५ असा फडशा पडला.

खरं तर माझी नजर १,०९८ वर ठरत नाही, ती शून्यांवर जाते. हंगाम संपताना विजयांपेक्षा पराभव जास्त, असं किती वेळा झालं? शून्य. मुलींची राष्ट्रीय स्पर्धा एनसीएए या संस्थेने १९८२ साली सुरू केली, तेव्हापासून २०१२ पर्यंतच्या ३१ स्पर्धांपैकी किती वेळा टेनेसीला प्रवेश मिळाला नाही? शून्य. त्या ३१ स्पर्धांत १८ वेळा शेवटच्या चारांत आणि ८ वेळा विजेतेपद. बाद पद्धतीची स्पर्धा असल्यामुळे हिशेब अगदी चोख जुळतो. आठ वेळा करंडक, म्हणून पराभव बरोबर २३ आणि विजय ११२.

तिसरं शून्य मला सगळ्यांत मोठं वाटतं. ३८ वर्षांत १६१ मुली त्यांच्या हाताखाली खेळल्या. ज्यांनी खेळण्याची पूर्ण मुदत टेनेसीतच काढली त्यांच्यापैकी पदवी न घेता बाहेर पडलेली मुलगी एकही नाही. या आकड्याला एक अट आहे, ती झाकून ठेवू नये. मधेच दुसऱ्या कॉलेजात गेलेल्या मुली यात धरलेल्या नाहीत. तरीही खेळाडूंना हजेरीची सूट आणि परीक्षेत सवलत देणारी कॉलेजं आपण पाहिलेली असतात, त्यांच्याशेजारी हे ठेवून बघावं. समिट यांचा नियम असा की वर्गात पहिल्या तीन रांगांत बसायचं आणि विनाकारण तास बुडवला तर सामना विसरायचा. मागच्या बाकावर बसायची मुभा संघातल्या सर्वोत्तम खेळाडूलाही नव्हती. बाईंच्या रोखून बघण्याची तर इतकी ख्याती होती की त्या नजरेवर स्वतंत्र लेख लिहिले गेले.

आणि हे सगळं सुरू कुठून झालं? महिना २५० डॉलरपासून. त्या वेळच्या दराने ते दोन हजार रुपयांच्या आसपास होतात. १९७४ साली २२ वर्षांची पॅट्रिशिया हेड (समिट हे लग्नानंतरचं आडनाव) टेनेसीत आली ती एम.ए.च्या पातळीवरचं शिक्षण घेत मदतनीस म्हणून काम करायला. मुख्य कोच जागा सोडून गेल्या आणि संघ हिच्या गळ्यात पडला. तोवर तिने एकाही संघाला शिकवलेलं नव्हतं आणि काही खेळाडू तिच्याहून जेमतेम वर्षाने लहान होत्या. ती स्वतः पदवीचे तास करायची, शारीरिक शिक्षणाचे तास घ्यायची, संघाला शिकवायची, आणि उरलेल्या वेळात फाटलेला गुडघा दुरुस्त करून ऑलिम्पिकची तयारी करायची. गुडघ्याच्या डॉक्टरांनी खेळ विसरायचा सल्ला दिला होता. तिच्या शेतकरी वडिलांनी तो बाजूला सारला. पोरगी ऑलिम्पिकला जाणार आहे, तेव्हा गुडघा नीट करून द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये महिलांचं बास्केटबॉल पहिल्यांदा आलं आणि त्यात रौप्यपदक जिंकणाऱ्या अमेरिकन संघाच्या दोन कर्णधारांपैकी एक हीच.

वडील रिचर्ड हेड हे प्रकरणच वेगळं. दुभती जनावरं, तंबाखूची शेती, गवत कापणं, यातून सुटका घरात कुणालाच नव्हती. तीन थोरल्या भावांशी पॅटचा सामना रंगायचा तो गवताच्या माळ्यावर. गावच्या शाळेत मुलींचा संघ नाही म्हटल्यावर या माणसाने बिऱ्हाडच उचललं आणि शेजारच्या तालुक्यात नेलं, कारण तिथल्या शाळेत मुली खेळत होत्या.

मुली खेळत होत्या, पण कशा? टेनेसी राज्यातल्या शाळांत तेव्हा मुलींच्या संघात सहा जणी असत. तिघींनी मैदानाच्या एका अर्ध्यात फक्त आक्रमण करायचं, तिघींनी दुसऱ्या अर्ध्यात फक्त बचाव, आणि मधली रेषा कुणीच ओलांडायची नाही. निम्म्या मुली शाळा संपेपर्यंत सामन्यात एकदाही बास्केटवर नेम धरत नसत. मुलींना पूर्ण मैदान झेपत नाही ही त्यामागची समजूत. समिट कोच झाल्यावर या पद्धतीविरुद्ध उघडपणे उभ्या राहिल्या. अर्ध्या मैदानावर वाढलेल्या मुली आपल्या संघात घेणार नाही, असं त्यांनी आपल्याच राज्याला सुनावलं. १९७९ साली शाळांनी पाच जणींचा पूर्ण मैदानी खेळ स्वीकारला. हा बदल १,०९८ मध्ये कुठेच मोजला जात नाही.

पहिल्या हंगामाची अवस्था ऐकून हसू येतं. गणवेश आदल्या वर्षी डोनट विकून जमवलेल्या पैशांतून घेतलेले. ते धुवायचे कोचबाईंनी आणि दौऱ्यावर गाडी हाकायची तीही त्यांनीच. एकदा तर सामन्याच्या आदल्या रात्री संघ प्रतिस्पर्ध्यांच्याच व्यायामशाळेत पथाऱ्या पसरून झोपला. ७ डिसेंबर १९७४ ला पहिला सामना झाला आणि मर्सर विद्यापीठाविरुद्ध तो एका गुणाने गेला, ८३-८४. सुरुवातीच्या त्या दिवसांत सामन्याला ५३ प्रेक्षक असल्याची नोंद सांगितली जाते. तेरा वर्षांनी, ९ डिसेंबर १९८७ ला, नॉक्सव्हिलच्या थॉम्पसन-बोलिंग अरेनात टेक्सासविरुद्धच्या सामन्याला २४,५६३ माणसं आली. म्हणजे ४६३ पट. एवढी गर्दी जमली आणि टेनेसी १९ गुणांनी हरली, हेही सांगून टाकतो.

पगाराचं गणित तसंच. २००६ साली वर्षाला दहा लाख डॉलरचा टप्पा गाठणाऱ्या महिला बास्केटबॉलमधल्या त्या पहिल्या कोच ठरल्या. महिना २५० धरला तर वर्षाचे तीन हजार, त्याच्या तीनशेहून अधिक पट. मधल्या काळात महागाई साधारण चौपट झाली होती. या पगारवाढीला कारण एक कायदा, १९७२ चा टायटल नाइन. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही असं त्याने सांगितलं आणि मुलींच्या खेळात पैसा आला. पैशामागोमाग पुरुष कोचही आले. १९७२ साली कॉलेजातल्या मुलींच्या संघांपैकी ९० टक्क्यांहून जास्त संघांना बाई शिकवत होत्या, चाळीस वर्षांनी हे प्रमाण ४३ टक्क्यांच्या आसपास उतरलं. समिट यांचा सगळ्यांत कडवा प्रतिस्पर्धी, कनेटिकटचे जीनो ऑरिएमा, हाही पुरुषच. दोघांच्या संघांत २२ लढती झाल्या आणि ऑरिएमांनी १३ जिंकल्या. २००७ नंतर समिट यांनी ही मालिकाच थांबवली.

आता त्या ३६४ दिवसांतला एक दिवस. सप्टेंबर १९९०. समिट यांना दिवस भरत आले होते आणि पेनसिल्व्हेनियातल्या मॅकन्जी गावी मिशेल मार्सिनिअॅक नावाची एक शाळकरी खेळाडू होती. ती आपल्या संघात यावी म्हणून बाई सहायक कोच मिकी डीमॉस यांना घेऊन छोट्या विमानाने तिच्या घरी गेल्या. कळा सुरू झाल्या तरी बैठक उरकली आणि मगच निघाल्या. परतीच्या वाटेवर वैमानिक म्हणाले की व्हर्जिनियात उतरू, तिथल्या हॉस्पिटलात जाऊ. बाईंनी साफ नकार दिला. त्याच वर्षी व्हर्जिनिया विद्यापीठाने जादा वेळेत टेनेसीला हरवलं होतं, आणि नेमकी त्या वर्षीची शेवटच्या चारांची फेरी त्यांच्या नॉक्सव्हिललाच होती. आपलं मूल त्या राज्यात जन्माला येणं त्यांना मंजूर नव्हतं. विमान नॉक्सव्हिलला आलं आणि टायलरचा जन्म टेनेसीतच झाला. एवढं करून मिशेल गेली दुसऱ्याच कॉलेजात, नोत्र दामला. वर्षभराने मात्र तिथून निघून टेनेसीत आली आणि १९९६ च्या विजेतेपदाच्या वेळी अंतिम फेरीची सर्वोत्तम खेळाडू ठरली. १,०९८ पैकी एकेका विजयाच्या मागे अशी किती घरं आणि किती बैठका असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

सगळं चढतंच गेलं असंही नाही. ५ फेब्रुवारी २००९ ला जॉर्जियाला ७३-४३ असं हरवून त्यांनी हजारावा विजय मिळवला, तोवर हा टप्पा कॉलेज बास्केटबॉलच्या पहिल्या श्रेणीत कुणीच पाहिला नव्हता. आणि तेच वर्ष त्यांच्या उत्तरकाळातलं सर्वांत वाईट ठरलं. २२ विजय, ११ पराभव, आणि राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्याच फेरीत बॉल स्टेटसारख्या संघाकडून गाशा गुंडाळावा लागला. विक्रमही पुढे मोडले. टॅरा व्हॅनडरव्हीर या दुसऱ्या एका कोचनी डिसेंबर २०२० मध्ये समिट यांना मागे टाकलं आणि १,२१६ वर थांबल्या, नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑरिएमांनी त्यांनाही ओलांडलं. पण व्हॅनडरव्हीर यांना त्यासाठी ३८ हून जास्त हंगाम मिळाले. समिट यांना ते मिळाले नाहीत.

२०११ साली, साठीच्याही आधी, त्यांना अल्झायमरचं निदान झालं. ऑगस्टमध्ये त्यांनी ते जाहीर केलं आणि तरीही आणखी एक हंगाम बाकावर बसल्या. रोजचा बराचसा भार त्यांची जुनी खेळाडू आणि सहायक हॉली वॉरलिकने उचलला. त्याही वर्षी २७ विजय आले. जून २०१६ मध्ये, ६४ व्या वर्षी, त्या गेल्या.

कोच म्हणून त्यांचा शेवटचा सामना मार्च २०१२ मध्ये बेलर विद्यापीठाविरुद्ध झाला. बेलरने तो ७७-५८ असा जिंकला आणि पुढे ४०-० अशी मजल मारून टेनेसीच्या ३९ च्याही एक पाऊल पुढे जात हंगाम संपवला. बेलरच्या कोच होत्या किम मल्की. १९८४ साली लॉस एंजलिसला समिट यांनी अमेरिकेला ऑलिम्पिक सुवर्ण मिळवून दिलं, त्या संघात मल्की त्यांच्या हाताखाली खेळल्या होत्या.