सामुराईचा खेळ आणि आपलीं नांवें

जपानच्या एस. एन. के. कंपनीनें १९९३ मध्यें काढलेला 'सामुराई शोडाउन' हा तलवारबाजीचा व्हिडिओ-खेळ तीस वर्षें उलटलीं तरी टिकून आहे. २०१९ मध्येंही त्याची नवी आवृत्ति निघाली. याचें मर्म काय? इतर द्वंद्वखेळांत ठोशांचा नुसता पाऊस; येथें एकाच जबर वारानें प्रतिस्पर्ध्याचें बरेंचसें बळ जातें. म्हणून खेळणारा थांबतो, अंतर जोखतो, मगच हात उचलतो. उतावळ्या पोरांना हा संयम शिकवितांना आम्हां मास्तरांची हयात गेली!

त्यांतला खलनायक अमाकुसा हा १६३७-३८ च्या शिमाबारा बंडाचा कोवळा पुढारी. त्याला मरणोत्तर राक्षस बनविला, ही इतिहासाची मोडतोड मला रुचत नाहीं. परंतु त्या निमित्तानें परदेशचीं मुलेंही तें नांव जाणतात. झरीस बसून माझ्या नातवाला हात्तोरी हान्झो ठाऊक. हंबीरराव मोहिते कोण, हें मात्र मला सांगावें लागलें.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनें २०२० मध्यें 'राजी' काढला. त्यांत भावाच्या शोधार्थ निघालेली मुलगी त्रिशूळ व धनुष्य चालविते. दांडपट्ट्यास २०२४ मध्यें राज्यशस्त्राचा मान मिळाला. त्याचा वारही कोणी असाच तोलून पडद्यावर दाखवील, तर मी चष्मा पुसून पाहावयास बसेन.