हजेरी बुडवून मिळणारं ‘फुकट’ धान्य

लोणावळ्याच्या बाजारात सरकारी योजनांचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. ‘आता मावळात गरीब राहिलाय कोण?’ हे एक, आणि ‘आमच्या टॅक्सवर सगळं फुकट वाटतात’ हे दुसरं. बोलणारे मनापासून बोलतात, म्हणून त्यांना नीट उत्तर द्यायला हवं.

पहिला समज का झाला ते कळतं. एक्स्प्रेसवे आला, जमिनींना भाव आले, तळेगावला कारखाने उभे राहिले. पण जमिनीचा पैसा गेला सातबाऱ्यावर नाव असलेल्याकडे. नाणे मावळात, आंदर मावळात, पवन मावळात अशा कितीतरी कातकरी वाड्या आहेत जिथे झोपडीखालची जागाही झोपडीवाल्याची नाही. विशेष असुरक्षित म्हणून गणलेल्या आदिवासी जमाती महाराष्ट्रात तीनच: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. नीती आयोगाच्या मोजणीनुसार राज्यातली बहुआयामी गरिबी 2015-16 मध्ये 14.80 टक्के होती, ती 2019-21 मध्ये 7.81 वर आली. ही प्रगती खरीच आहे. मात्र अशा सरासरीत वाडी दिसत नाही.

आता टॅक्सचं. गरिबाच्या कामासाठी शहराने कर द्यायचा हे महाराष्ट्राने लपूनछपून नाही, कायदा करून ठरवलं. वि. स. पागे यांनी 1965 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरला (आपल्या किल्ल्याचं हे विसापूर नाही) मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला. 1972 च्या दुष्काळात लाखो माणसं याच धर्तीच्या कामांवर जगली. त्याचा खर्च भागवायला 1975 मध्ये व्यवसाय कर आला, 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. तळेगावच्या कामगाराच्या पगारातून दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300, असे वर्षाला 2500 रुपये कापले जातात, तो हाच कर. आणि त्या बदल्यात मजुरांनी उन्हात खडी फोडली, पाझर तलाव खणले, बांध घातले. याला फुकट म्हणता येत नाही.

‘रोहयोवर एवढा खर्च, हातात काय?’ हा प्रश्न मात्र रास्त आहे. त्याचं सर्वात चांगलं उत्तर अविभाजित आंध्र प्रदेशातल्या प्रयोगातून मिळालं. तिथे 2010 ते 2012 या काळात काही मंडलांमध्ये रोजगार हमीची मजुरी स्मार्टकार्डवर देऊन वाटप सुधारलं आणि उरलेल्या मंडलांशी तुलना केली. गरीब घरांचं उत्पन्न बारा टक्क्यांहून जास्त वाढलं, पण त्यातला बहुतेक पैसा योजनेच्या मजुरीचा नव्हता. गावात हक्काचं काम मिळतंय म्हटल्यावर इतर मालकांनाही हजेरी वाढवावी लागली होती.

मावळाला हे लागू पडतं ते वीटभट्टीवर. भट्टीमालक कातकरी कुटुंबाला आधी उचल देतो. दिवाळीनंतर नवराबायको, पोरं सगळी भट्टीवर जातात आणि पावसापर्यंत ती उचल फेडत राहतात. गावात वेळेवर काम आणि पंधरा दिवसांत पैसे मिळाले, तर उचल नाकारायची ताकद येते. पैसे दोन महिन्यांनी आले तर ती येत नाही, सरकारचा खर्च मात्र तेवढाच होतो. त्यामुळे योजनेचा हिशोब करताना रकमेइतकीच तारीखही बघावी लागते.

सगळ्यात पक्का गैरसमज म्हणजे ‘चाळणी बारीक लावा, पैसे वाचतील’. रेशनवर गरीब वेगळे काढणारी ही चाळणी 1997 मध्ये लागली. नियोजन आयोगाच्या 2005 च्या मूल्यमापनात दिसलं की गरिबाला 1 किलो धान्य मिळावं म्हणून केंद्राला 2.32 किलो सोडावं लागत होतं. छत्तीसगडने उलटा रस्ता धरला. दुकानं खासगी दुकानदारांकडून काढून ग्रामपंचायती आणि बचत गटांकडे दिली, पुढे जास्त कुटुंबं आत घेतली. 2004-05 मध्ये तिथे निम्म्याच्या आसपास असलेली गळती 2009-10 पर्यंत साधारण दहा टक्क्यांवर आली. गावातल्या बहुतेकांचं कार्ड असलं की दुकानदाराला जाब विचारणारेही वाढतात.

बारीक चाळणीचा आणखी एक खर्च अर्थसंकल्पात कुठेच दिसत नाही. नाणे मावळातल्या वाडीवरची एखादी बाई डोळ्यांसमोर आणा. अंत्योदय कार्डावर महिन्याला 35 किलो धान्य हा कातकरी कुटुंबाचा हक्क आहे. पण कार्डात नाव चुकलंय. जीपने कामशेत, तिथून लोकलने वडगाव, तहसीलमध्ये रांग. साहेब दौऱ्यावर. पुन्हा या. मग आधारवरचं नाव जुळत नाही, म्हणून आणखी एक खेप. जातीच्या दाखल्यासाठी 1950 च्या आधीचा पुरावा मागतात. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजोबांचा कागद आणायचा कुठून? रोहयोचा 2025-26 चा 312 रुपयांचा दर धरला, तरी तीन हजेऱ्या बुडाल्या की 936 रुपये गेले. सरकारला तांदूळ किलोमागे सुमारे 40 रुपयांना पडतो, म्हणजे 35 किलोचे साधारण 1400. पहिल्या महिन्याच्या धान्याची दोनतृतीयांश किंमत तिने आधीच भरलेली असते, वर जीपचं भाडं वेगळं.

रोख पैसे दिले की दारूत जातात, असंही म्हणतात. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी अनेक देशांतले अभ्यास एकत्र तपासले, त्यात दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं आढळलं नाही. लाडकी बहीणमध्ये अपात्र खाती निघाली हे खरं. जुलै 2025 मध्ये सरकारनेच सुमारे 26 लाख खात्यांचे पैसे थांबवल्याचं सांगितलं. मात्र चुकून आत आलेल्यांची मोजदाद झाली तशी चुकून बाहेर राहिलेल्यांचीही व्हायला हवी, आणि ती सहसा होत नाही.

त्याला एक साधं कारण आहे. सर्वेक्षणाची माणसं सोयीने हिवाळ्यात-उन्हाळ्यात येतात, तेव्हा अर्धी वाडी भट्टीवर असते. दाराला कुलूप दिसलं की कुटुंब यादीतून सुटतं, आणि नोव्हेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमनसारख्या योजनेतलं दोन लाखांचं घरकुलही सुटतं. कातकऱ्यांची पाहणी भातलावणीच्या दिवसांत, माणसं वाडीवर असताना करावी, आणि घरकुलाच्या यादीशेजारीच जागा कोणाच्या नावावर आहे याचाही रकाना असावा, असा ठराव मावळातल्या ग्रामसभांना आजही करता येईल.