टाकीवरचा ओघळ

शाळेच्या आवारात उभी असलेली, टाकी पुन्हा रंगवून घेतलेली एखादी मोटारसायकल जवळून पाहा. टाकीच्या झाकणाखाली पुष्कळदा एक ओघळ दिसतो. तिथली चकाकी गेलेली असते, रंगाला सुरकुत्या पडलेल्या असतात. पंपावर सांडलेल्या चार थेंब पेट्रोलचे हे काम. पण कारखान्यातून आलेल्या मूळ रंगावर तेच थेंब सांडले, तर पुसून टाकले की झाले. असे का?

उत्तर रंगात नाही, रंगावरच्या पारदर्शक थरात आहे. पेंटर त्याला क्लिअर कोट किंवा नुसते लॅकर म्हणतात. त्याचे गुपित समजायला एक सोपा प्रयोग करू. संत्र्याची ताजी साल थर्मोकोलच्या तुकड्यावर पिळा. रस उडेल तिथे खड्डे पडतील. सालीच्या तेलातला लिमोनीन हा पेट्रोलमधल्या घटकांसारखाच हायड्रोकार्बन आहे आणि तो थर्मोकोल विरघळवतो. आता तीच साल कुकरच्या काळ्या बेकेलाइटच्या मुठीवर पिळा. काहीच होणार नाही.

थर्मोकोल आणि बेकेलाइट, दोन्ही बहुवारिके. पण थर्मोकोलमध्ये लांब साखळ्या सुट्या दोऱ्यांच्या गुंत्यासारख्या पडलेल्या असतात. द्रावक आत शिरला की एकेक दोरा सोडवून नेतो. बेकेलाइटमध्ये साखळ्या एकमेकींना रासायनिक बंधांनी बांधलेल्या असतात, मासे धरायच्या जाळ्यासारख्या. जाळे थोडेफार ताणेल, फुगेल. पण त्यातला दोरा सुटून येणार नाही.

क्लिअर कोटचेही असेच दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात नायट्रोसेल्युलोजचे, म्हणजे एनसी लॅकर आणि फवारणीच्या डब्यांत मिळणारी बरीचशी साधी ॲक्रिलिक लॅकरे येतात. ती नुसती वाळतात. थिनर उडून जातो आणि सुट्या साखळ्या मागे राहतात. जे थिनरने विरघळले, ते तशाच द्रावकाने पुन्हा विरघळणारच. दुसरा वर्ग दोन डब्यांत येतो, एकात राळ आणि दुसऱ्यात हार्डनर. पेंटर याला टू-के किंवा पीयू म्हणतात. मिसळल्यावर यांच्यात रासायनिक क्रिया होऊन पॉलियुरेथेनचे जाळे विणले जाते. कारखान्यातला थर भट्टीत शंभराहून अधिक अंश सेल्सिअसला भाजून असाच बांधलेला असतो. गॅरेजात तशी भट्टी नसते, म्हणून तिथे हार्डनर हवा. पहिल्या वर्गातल्या लॅकरचे चार हात मारले तरी टाकी वाचत नाही. जाडी वाढते, गाठी पडत नाहीत.

आता पेट्रोलही पूर्वीचे राहिलेले नाही. २००१ साली पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प देशात तीन ठिकाणी झाले. त्यांतले एक होते नाशिक जिल्ह्यातले मनमाड. २०२५ पर्यंत हे प्रमाण २० टक्क्यांवर पोचले. मिश्रण कधीकधी सुट्या घटकांपेक्षा बलवान ठरते. कोलोडियनसाठी वापरतात ते नायट्रोसेल्युलोज निव्वळ ईथरमध्ये किंवा निव्वळ अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाही, पण दोन्हींच्या मिश्रणात विरघळते. म्हणून जुन्या पेट्रोलला टिकलेला थर नव्यालाही टिकेल असे गृहीत धरू नये.

मग टू-के घेतले की काम झाले? नाही. जाळे विणायला वेळ लागतो. हाताला कोरडा लागणारा थर आतून अजून अर्धवट असतो. साधारण आठवडाभर तरी त्यावर पेट्रोल सांडू देऊ नये. निफाडच्या थंडीत ही क्रिया आणखी मंदावते. पावसाळ्यात वेगळी अडचण येते. हार्डनरमधले आयसोसायनेट हवेतल्या पाण्याशी क्रिया करते, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि थरात बुडबुडे राहू शकतात.

याच आयसोसायनेटची खरी किंमत मात्र पेंटर मोजतो. १९८४ साली भोपाळमध्ये हजारोंचे बळी घेणारा मिथाइल आयसोसायनेट याच कुळातला. हार्डनरमधले रेणू त्याच्यापेक्षा जड असतात, ते सहज उडत नाहीत. पण फवारले की त्यांचे धुके थेट फुप्फुसात जाते. त्यातून दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर संवेदनशील झाले की अगदी अल्प मात्राही पुरते. तोंडाला बांधलेला रुमाल इथे निरुपयोगी आहे. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा आणि मोकळी, खेळती हवा लागते. पूर्ण पक्का झालेला थर मात्र धोक्याचा नसतो. फक्त त्याला पॉलिश पेपर मारताना उडणारी धूळ टाळावी.

तेव्हा टाकी रंगवायला देताना तीन प्रश्न विचारावेत. लॅकरमध्ये हार्डनर आहे का? गाडी किती दिवसांनी मिळेल? आणि फवारणाऱ्याच्या तोंडावर काय असेल? खात्री करायची असेल तर पत्र्याच्या तुकड्यावर तेच लॅकर मारून घ्यावे. आठवड्याने पेंटरने मोकळ्या जागी, आगीपासून दूर, त्यावर पेट्रोलात भिजवलेला बोळा दहा मिनिटे ठेवावा आणि मग नखाने ओरखडून पाहावे. थर मऊ पडला, तर जाळे विणलेच गेले नाही असे समजावे. हा प्रयोग वर्गात करू नये. वर्गासाठी संत्र्याची साल पुरे आहे.

मुलांना एक प्रश्न विचारून पाहा : घरातल्या कोणत्या वस्तू सुट्या दोऱ्यांच्या आणि कोणत्या जाळ्याच्या? तापवल्यावर वितळते कोण आणि वितळण्याऐवजी करपते कोण, एवढे आठवले तरी बरीचशी उत्तरे सापडतील.