कांद्याला वारा हवा

चाकणच्या तळेगाव चौकात नव्या मोटारी वाहून नेणारे लांबलचक ट्रेलर आणि कांद्याच्या गोण्यांनी भरलेले टेम्पो एकाच कोंडीत अडकलेले असतात. ट्रेलर औद्योगिक वसाहतीतून निघालेले, टेम्पो खेड बाजार समितीच्या महात्मा फुले मार्केट यार्डाकडे चाललेले. या पट्ट्याच्या गेल्या पंचवीस-तीस वर्षांबद्दल बोलताना बहुतेक जण ट्रेलरांबद्दल बोलतात : बजाज आली, फोक्सवॅगन आली, जमिनीचे भाव चढले. मला टेम्पोतल्या मालाबद्दल लिहायचं आहे. याच काळात, याच रस्त्यावर, कांदा टिकवण्याची विद्या बरीच पुढे गेली.

काढलेलं पीक मेलेलं नसतं. ते श्वास घेत राहतं, स्वतःतली साखर जाळतं, ऊब आणि ओल बाहेर टाकतं. त्या श्वासाचा बंदोबस्त करणं म्हणजे साठवण. आपल्या पणज्या-खापरपणज्यांना तो जमिनीखालच्या पेवात साधला होता. ज्वारी पेवात भरून तोंड लिंपून टाकलं की दाणे आणि त्यातले किडे मिळून आतला प्राणवायू संपवत. किडे गुदमरत, धान्य टिके. म्हणून पेव उघडल्यावर कुणी लगेच आत उतरत नसे. आधी दिवा सोडायचा, तो विझला तर थांबायचं. पुढे फ्रान्समध्ये बेरार यांनी १८२१च्या सुमारास फळं प्राणवायूशिवाय पिकत नाहीत हे दाखवलं, केंब्रिजच्या किड आणि वेस्ट यांनी पहिल्या महायुद्धानंतर त्याचं शास्त्र बसवलं आणि १९२९ मध्ये इंग्लंडच्या केंट परगण्यात सफरचंदांसाठी पहिली व्यापारी वायुकोठी, म्हणजे आतला प्राणवायू कमी ठेवणारी बंद कोठी, उभी राहिली. आज हिमाचलातलं सफरचंद उन्हाळ्यात पुण्यात मिळतं ते अशाच कोठ्यांमुळे. पेव मात्र आपल्याकडे ‘पेव फुटलं’ या बोलण्यापुरतं उरलं.

कांद्याची गोष्ट उलटी. त्याच्यात पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर पाणी. पेवात कोंडला तर त्याचा चिखल होईल. त्याला वारा हवा.

१९९८ साल कांद्याच्या इतिहासात राहिलं ते दिल्लीमुळे. भाव भडकले आणि निवडणुकीत तिथलं सरकार गेलं. १९९४ मध्ये नाशिकला सुरू झालेलं राष्ट्रीय कांदा व लसूण संशोधन केंद्र त्याच वर्षी याच रस्त्यावरच्या, भीमाकाठच्या राजगुरुनगरला आलं. २००८ मध्ये त्याचं संचालनालय झालं. इथे निघालेल्या वाणांची नावं नदीवरून पडली : भीमा राज, भीमा सुपर, भीमा किरण, भीमा शक्ती. यातले किरण आणि शक्ती हे रब्बीचे, पाच-सहा महिने टिकणारे. आपल्याकडे ज्याला गावरान म्हणतात तो हा उन्हाळी कांदा. एप्रिल-मेमध्ये निघतो आणि नवा खरीप माल येईपर्यंत देशाला पुरवायचा असतो. खरिपाचा लाल कांदा मुळात टिकाऊ नाही, तो काढला की विकायचा.

वाणापेक्षाही मला मोलाचं वाटतं ते कांदा साठवायच्या चाळीवरचं काम. जुनी चाळ म्हणजे जमिनीवरच ओतलेला ढीग, बाजूला तुराट्यांचा कूड, वर पाचटाचं छप्पर. चार-सहा महिन्यांत चाळीस टक्के माल वजनातली घट, सड आणि कोंब यांत जाई, वाईट वर्षी त्याहून जास्त. राजगुरुनगरच्या शास्त्रज्ञांनी चाळीचा तळ जमिनीपासून दोनेक फूट उचलला आणि खाली फटी ठेवल्या. त्यामुळे वारा बाजूंनी येतो तसा खालूनही येतो आणि ढिगाची ऊब वर निघून जाते. ढीग रुंदीला चार फूट, उंचीला चार-पाच फूट, त्याहून जास्त नाही. नाहीतर मधला कांदा घुसमटतो. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर बांधायची, दुपाखी पूर्व-पश्चिम. छपराला शक्यतो तापणारा लोखंडी पत्रा घालायचा नाही. एवढंच. यात वीज नाही, यंत्र नाही. पुढे कृषी पणन मंडळाच्या आणि फलोत्पादनाच्या योजनांतून अनुदान मिळू लागलं, बराच काळ टनाला साडेतीन हजार रुपये, आणि अशा चाळी गावोगाव दिसू लागल्या.

‘शीतगृह का नाही बांधत?’ असं शहरातले लोक हमखास विचारतात. कांद्याची झोप दोन ठिकाणी टिकते : शून्य-दोन अंशांवर, नाहीतर पंचवीस-तीस अंशांवर. मधल्या पाच ते वीस अंशांत त्याला वसंत आल्यासारखं वाटतं आणि कोंब फुटतात. भाजीपाल्याच्या साध्या शीतगृहात तो म्हणूनच बिघडतो. शून्यावर ठेवून बाहेर काढला तर अंगावर दव धरतो आणि झपाट्याने कोंबतो. आपल्या चाळीतलं पंचवीस-तीस अंश तापमान हे निसर्गाने फुकट दिलेलं आहे. अडचण ओलाव्याची. हवेत पासष्ट-सत्तर टक्के आर्द्रता असावी. मेमध्ये ती फार कमी, म्हणून वजन घटतं, आणि आषाढ-श्रावणात फार जास्त, म्हणून काजळी धरते.

वायुकोठीत कांदा ठेवता येतो, हे अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात सिद्ध झालं. तिथल्या गोड विडेलिया कांद्यासाठी १९९० मध्ये सफरचंदवाल्यांचं तंत्र उसनं घेतलं : प्राणवायू तीन टक्क्यांपर्यंत खाली, कर्बवायू पाच टक्क्यांपर्यंत वर, जोडीला थंडी. पण तो चढ्या भावाचा कांदा. आपला कांदा कधी दोन-तीन रुपये किलोनेही गेला आहे. त्याला ही कोठी आजवर परवडलेली नाही. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं विकिरण केंद्र २००२ पासून आहे. साठ ते नव्वद ग्रे गॅमा किरणांनी कांद्याचा कोंब दबतो. सड आणि घट मात्र त्याने थांबत नाही, त्यासाठी पुन्हा चांगली साठवणच लागते.

चाळ बांधणाऱ्या शेतकऱ्याने काय कमावलं? थांबण्याची ताकद. मेमध्ये मिळेल त्या भावाला माल टाकायचा, की दिवाळीपर्यंत धरायचा, हे त्याला ठरवता येऊ लागलं. मग ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क आलं, डिसेंबरमध्ये बंदी. बंदी उठली मे २०२४ मध्ये, उरलेलं वीस टक्के शुल्क गेलं १ एप्रिल २०२५ ला. ऑगस्ट म्हणजे चाळी भरलेल्या असण्याचा महिना. ज्याने तीन-चार महिने वारा राखून माल वाचवला, त्याच्यावर नेमक्या त्याच महिन्यात हा निर्णय लादणं मला आजही अन्यायाचं वाटतं.

आणि २०२५ चा मे. चाळीचं सगळं गणित कोरड्या मे महिन्यावर बसवलेलं आहे. निम्म्या माना पडल्या की काढणी करायची. एकाची पात दुसऱ्याच्या कांद्यावर येईल अशा ओळींत शेतातच तीन-चार दिवस सुकवायचा. मग बोटभर मान ठेवून पात कापायची आणि दहा-बारा दिवस सावलीत वाळवायचा. तेव्हा मान मिटते, वरचा पापुद्रा कडक होतो आणि कांदा साठवणुकीला तयार होतो. त्या वर्षी मेमध्येच पावसाने झोडपलं, मोसमी पाऊस २६ मेला मुंबईत पोहोचला, आणि राज्यभर वाळत घातलेला कांदा शेतात भिजला. ओल्या मानेचा कांदा कितीही चांगल्या चाळीत घातला तरी आतून सडत येतो, आणि एक सडला की त्याचं पाणी खालच्या दहांवर गळतं. मग भर पावसात चाळ उपसायची, घरातली सगळी माणसं लावून एकेक कांदा हातात घेऊन दाबून पाहायचा, आणि उरेल तो पुन्हा भरायचा.