शाश्वततेचा ताळेबंद : वाणिज्य पदवीधरांसाठी एक वाट

बंगळुरूच्या इंदिरानगर भागातील आमच्या शाखेत जून महिना आला की शैक्षणिक कर्जाच्या चौकशीसाठी पालकांची वर्दळ वाढते. मागील वर्षी अशाच एका दुपारी मूळचे निपाणीचे एक ग्राहक आपल्या मुलीला घेऊन आले. विमान कारखान्यात त्यांची तीस वर्षे नोकरी झालेली, निवृत्ती दोन वर्षांवर आलेली. हातातल्या कापडी पिशवीत गावाकडच्या घराची कागदपत्रे होती. बी.कॉम. झालेल्या मुलीला शाश्वतता व्यवस्थापन या विषयातील एम.बी.ए.साठी प्रवेश मिळाला होता. ती अर्ज भरत असताना ते हलक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, झाडं लावायला एम.बी.ए. कशाला लागतं? यावर कर्ज फिटेल का? खरं काय ते सांगा."

प्रश्न रास्त होता. कर्ज देणाऱ्या अधिकाऱ्यालाही तो पडलाच पाहिजे.

वाणिज्य शाखेत पहिल्याच वर्षी आपण शिकतो, की भांडवल आणि उत्पन्न यांची गल्लत होऊ देऊ नये. अर्थशास्त्रज्ञ जॉन हिक्स यांनी १९३९ साली उत्पन्नाचा अर्थ असा मांडला : ठरावीक काळात जेवढे खर्चूनही माणूस अखेरीस पहिल्याइतकाच सुस्थितीत राहतो, तेवढेच त्याचे उत्पन्न. १९८७ साली ब्रुंटलँड आयोगाने शाश्वत विकासाची व्याख्या करताना, आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांच्या गरजांना बाधा येऊ नये, असे सांगितले. आपल्या आजीच्या भाषेत दोहोंचा अर्थ एकच, व्याजावर जगावे, मुद्दल मोडू नये.

मुद्दल मोडले की काय होते, हे या शहराने २०२४ च्या उन्हाळ्यात अनुभवले. कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून पंपांनी वर चढवून येथे आणावे लागते. ते सर्वांना पुरत नाही, म्हणून शहराचा मोठा भाग कूपनलिकांवर विसंबून असतो. आधीच्या वर्षी पाऊस कमी झाला, असंख्य कूपनलिका आटल्या आणि टँकरच्या दरांवर प्रशासनाला मर्यादा घालावी लागली. पाणी उपसणाऱ्या कारखान्यांच्या आणि हॉटेलांच्या हिशेबात विजेचे बिल होते, पंपाचा घसाराही होता. आटलेल्या साठ्याची नोंद मात्र कोठेच नव्हती. ही सुटलेली नोंद हिशेबात आणण्यासाठी हिशेब जाणणाराच माणूस लागतो.

आता ही नोंद कायद्याच्या कक्षेत येऊ लागली आहे. 'सेबी'ने बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून 'बीआरएसआर' हा जबाबदारी व शाश्वतता अहवाल बंधनकारक केला. वीज, पाणी, कचरा, कार्बन उत्सर्जन, कामगारांची सुरक्षितता यांचे आकडे त्यात द्यावे लागतात. रिझर्व्ह बँकेची हरित ठेवींची चौकट १ जून २०२३ पासून लागू झाली. अशा ठेवींचा पैसा नेमका कोणत्या प्रकल्पात गेला, याची त्रयस्थ पडताळणी त्यात अपेक्षित आहे. युरोपीय संघात जाणाऱ्या पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट अशा मालावर १ जानेवारी २०२६ पासून कार्बनची किंमत मोजण्याची व्यवस्था सुरू झाली आहे. हे आकडे गोळा करणे, तपासणे आणि त्यांवरून निर्णय घेणे हे वाणिज्य पदवीधराच्या आवाक्यातील काम आहे.

नोकरीखेरीज उद्योगाचीही वाट आहे. याच इंदिरानगरात 'डेली डंप' हा व्यवसाय आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाईन संस्थेत शिकलेल्या पूनम बीर कस्तुरी यांनी तो २००६ साली सुरू केला. स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याचे घरच्या घरी खत व्हावे, यासाठी मातीची मडकी एकावर एक रचून केलेले साधन हे लोक विकतात. बंगळुरूचेच दुसरे उदाहरण 'सेल्को'चे. हरीश हांडे यांनी १९९५ साली सहसंस्थापक म्हणून ही कंपनी उभी केली आणि २०११ साली त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. महिन्याला तीनशे रुपये जड वाटतात, पण रोजचे दहा रुपये जमतात, हे त्यांना रस्त्यावरच्या विक्रेत्यांकडून उमगले. सौरदिव्याइतकेच महत्त्व हप्त्याच्या रचनेला आले आणि कर्नाटकातील बँकांच्या शाखा या कामात सहभागी झाल्या. बँकेतील आपल्या कामाचे मोलही येथे दिसते.

तरीही सावधगिरीचा एक शब्द. भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था १९८२ पासून कार्यरत आहे आणि लखनऊच्या आय.आय.एम.ने २०१५ साली शाश्वत व्यवस्थापनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू केला. मागणी पाहून आता इतरही अनेक संस्थांनी असे अभ्यासक्रम काढले आहेत. केवळ नावावर भुलू नये. वित्त, परिव्यय लेखा आणि लेखापरीक्षण हे विषय तेथे कसून शिकवले जातात का, हे आधी पाहावे. पाया कच्चा असेल तर 'हरित' पदवीचा उपयोग आकर्षक अहवाल सजवण्यापुरताच उरतो.

त्या मुलीला मी एक काम दिले. कोणत्याही एका कंपनीचा असा अहवाल वाचून त्यातील पाण्याचे पान मला समजावून सांग, म्हटले. आठ दिवसांनी ती एक कागद घेऊन आली. कंपनीने ठळक अक्षरांत लिहिले होते, की उलाढालीच्या दर रुपयामागे पाण्याचा वापर घटला. तिने दोन वर्षांचे तक्ते शेजारी मांडून दाखवले, की उलाढाल बरीच वाढल्याने हे प्रमाण उतरले होते. भूजलाचा एकूण उपसा वाढलाच होता.

तिचे वडील तो कागद बराच वेळ पाहत राहिले. त्यांनी एवढेच विचारले, "हे तुझं तुला कळलं?" ती म्हणाली, "बाबा, हा साधा ताळेबंद आहे."

नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांना तारण व जामीनदाराशिवाय कर्ज मिळू शकते. तिची संस्था त्या यादीत होती. कर्ज मंजूर झाले आणि घराची कागदपत्रे पिशवीतून बाहेर काढावीच लागली नाहीत. नोकरीची हमी मी त्या गृहस्थांना दिली नाही, तशी कोणीच देऊ शकत नाही. मात्र जो आकडा इतरांच्या नजरेतून सुटतो तो मुलीला दिसतो, एवढे मी अधिकारी म्हणून सांगू शकले.

आपल्या घरातही एखादा वाणिज्य पदवीधर पुढे काय करावे या विचारात असेल. त्याच्या हाती असा एक अहवाल आवर्जून द्यावा. आकड्यांमागचे पाणी त्याला दिसले, तर ही वाट त्याच्यासाठी आहे असे समजावे.