कांदळाच्या शेंगा वेचताना

पावसाळ्यात आम्ही मुलांना घेऊन ओहोटीच्या वेळी खाडीवर जातो. कांदळाला लांब हिरव्या शेंगा लोंबत असतात. खरे तर त्या शेंगा नव्हेत, झाडावरच अंकुरलेली रोपे! टोपीखाली पिवळे कडे दिसले आणि हलक्या हाताने सुटले, तरच रोप घ्यायचे. किडीने भोक पाडलेले टाकून द्यायचे. मग कळी वर ठेवून साधारण तिसरा हिस्सा चिखलात रोवायचा. तिवराचे बी मात्र लहान, ते आधी पिशवीत रुजवलेले बरे.

जिथे कांदळवन तुटले, तिथेच आम्ही लावतो. खालच्या उघड्या चिखलात आपल्या भगिनी तिसऱ्या काढतात, पाणपक्षी चरतात. ती जागा रिकामी समजून झाडांनी भरू नये. तिथे भरतीचे पाणी फार वेळ उभे राहते, रोपे जगतही नाहीत.