गेम उशिरा उघडतो : दोष प्रणालीचा की डिस्कचा?

गेमिंग पार्लरचा धंदा तासावर चालतो. गिऱ्हाइकाने अर्ध्या तासाचे पैसे मोजले आणि त्यातली तीन मिनिटे गेम उघडण्याची वाट पाहण्यात गेली, तर ते पुढच्या वेळी शेजारच्या दुकानात जाते. त्यातच विंडोज १० ची नियमित सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ घ्यावी, की मोफत मिळणारी लिनक्स बसवावी, असा प्रश्न जुनी यंत्रे असलेल्या दुकानदारांपुढे आहे. लिनक्सवर गेम लवकर उघडतो, असे कोणी सांगतो. कोणी नेमके उलटे सांगतो. खर्चात पडण्यापूर्वी हा हिशेब पाहू.

गेम उघडताना मुख्यतः दोन कामे होतात. डिस्कवरून माहिती वाचली जाते आणि दाबून साठवलेली ती माहिती प्रोसेसर मोकळी करतो. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते. हवी ती जागा हेडखाली येण्यास सरासरी चार मिलिसेकंद लागतात. हेड सरकण्याचा वेळ वेगळाच. म्हणून विखुरलेली माहिती ती सेकंदाला शंभराच्या आसपास ठिकाणांहूनच वाचू शकते. एसएसडीत फिरणारा भागच नाही. ती अशी हजारो ठिकाणे वाचते. साटा एसएसडीचा सलग वाचण्याचा वेग सेकंदाला सुमारे ५५० एमबी, तर चांगल्या एनव्हीएमई एसएसडीचा ३५०० एमबी किंवा अधिक असतो. मात्र वेग सहापट म्हणून गेम सहापट लवकर उघडत नाही. डिस्क पुढे गेली की प्रोसेसर मागे पडतो.

प्रणालीमुळेही फरक पडतो, पण सहसा थोडा. विंडोजमध्ये फायली उघडताना विषाणू-तपासणी होते. लिनक्सवर विंडोजचे गेम प्रोटॉन या दुभाष्यामार्फत चालतात. मायक्रोसॉफ्टने २०२२ साली विंडोजसाठी डायरेक्टस्टोरेज आणले. त्याचा लाभ त्यासाठी लिहिलेल्या गेमलाच मिळतो.

तुलना करताना एक फसगत टाळावी. एकदा वाचलेल्या फायली दोन्ही प्रणाली मोकळ्या रॅममध्ये ठेवतात, म्हणून दुसऱ्या खेपेस गेम झटकन उघडतो. एकावर पहिली खेप आणि दुसरीवर दुसरी मोजली, तर निकाल खोटा ठरतो. दोन्ही प्रणाली एकाच प्रकारच्या डिस्कवर ठेवा, दर वेळी यंत्र रीस्टार्ट करा, तीनदा मोजा आणि मधला आकडा धरा.

आमचा सल्ला असा : यंत्रात अजून हार्ड डिस्क असेल, तर पहिला पैसा साध्या साटा एसएसडीवर खर्च करावा. जुन्या यंत्रातही ती त्याच वायरींवर बसते. प्रणाली मात्र वेगासाठी बदलू नये. व्हॅलोरंटसारखे गेम लिनक्सवर चालतच नाहीत आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० लागते. गिऱ्हाईक काय खेळते आणि यंत्र काय पेलते, हे आधी पाहावे. प्रणाली त्यावरून ठरवावी.